आकडा कुठल्या मीटरचा, ते आधी विचारा

फोंड्याहून एका वकील भगिनीचं पत्र आलं आहे. चौदा वर्षं त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे, आता पर्वरीला, दिवाणी आणि सेवाविषयक दावे चालवतात. एका वीज वितरण संस्थेने त्यांना ज्येष्ठ नियामक सल्लागार म्हणून बोलावलं आहे. संस्थेची प्रकरणं गोव्याचे वीजदर ठरवणाऱ्या संयुक्त वीज नियामक आयोगापुढे चालतात. पत्रात तीन प्रश्न आहेत. पगारावर जावं की रिटेनरवर, म्हणजे वकिली चालू ठेवून ठरावीक फीवर? वीज कायदा 2003 वाचून काढला आहे, पण वीजदर याचिकेचे तक्ते पाहिले की डोकं गरगरतं, तर सुरुवात कुठून करावी? आणि या कामात माणूस नेमका कुठे अडखळतो?

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देतो. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. पगारावर गेलात तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागेल. पर्वरीची चालू प्रकरणं दुसऱ्याकडे सोपवावी लागतील, आणि आयोगापुढे उभ्या राहिलात तरी त्या संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधी म्हणून, वकील म्हणून नव्हे. दुसरी गोष्ट गोपनीयतेची. 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोकरीतल्या कायदा सल्लागाराला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 चं वकील-अशील संरक्षण मिळत नाही. म्हणजे पगारावर असताना लिहिलेल्या अंतर्गत टिपणाला, 'ही बाजू कमकुवत आहे' अशा ईमेललासुद्धा, वकिलाच्या सल्ल्याइतकी ढाल नसते. तुमची चौदा वर्षांची प्रॅक्टिस उभी आहे. आमचं मत रिटेनरच्या बाजूने आहे, पण आठवड्यातले ठरावीक दिवस संस्थेच्या कार्यालयातच बसायचं, हे करारात लिहून. का, ते पुढे कळेल.

खरा प्रश्न दुसरा आहे. तुम्ही कायद्यापासून सुरुवात केलीत, ते चूक नाही. पण वीजदराच्या प्रकरणात निकाल बहुतेक वेळा कलमावर फिरत नाही, आकड्यावर फिरतो. आणि तो आकडा सुनावणीच्या दिवशी तयार होत नसतो. तो सहा-आठ महिने आधी कुठल्या तरी उपविभागात, कुणा कनिष्ठ अभियंत्याच्या एक्सेल शीटमध्ये तयार झालेला असतो. वरच्या कोर्टात बाजू सावरून घेऊ, हा भरवसा इथे चालत नाही. अपिलात तुम्हाला तीच नोंद मिळते जी तुम्ही आयोगापुढे ठेवली होती.

आधी वेळेचं गणित पाहा. नवा दर 1 एप्रिलपासून लागू व्हायचा असतो. वीज कायद्याच्या कलम 64 प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून 120 दिवसांत आयोगाने आदेश द्यायचा असतो. 1 एप्रिलपासून 120 दिवस मागे जा, डिसेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पोचता. म्हणून याचिका नोव्हेंबरअखेर जायला हवी. 11 नोव्हेंबर 2011 रोजी विद्युत अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे आयोगाच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या दिल्लीतल्या न्यायाधिकरणाने, सगळ्या राज्य आयोगांना बजावलं आहे की याचिका ठरल्या तारखेपेक्षा महिनाभर लांबली तर आयोगाने स्वतःहून दरनिश्चिती सुरू करावी. तसं झालं की आयोग आपल्या हातात असलेल्या जुन्या आकड्यांवर चालतो, आणि संस्थेची नवी गरज बाहेर राहते. नोव्हेंबरअखेर याचिका हवी म्हणजे आकडे ऑक्टोबरात पक्के हवेत, आणि ते गोळा करायचं काम चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी सुरू व्हायला हवं. चवथीच्या सुट्टीनंतर बघू म्हटलं की दिवाळी येते.

याचिकेत साधारण तीन वर्षांचा हिशेब एकत्र असतो. गेलेल्या वर्षाचं ट्रू-अप, म्हणजे मंजूर खर्च आणि लेखापरीक्षित प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ. चालू वर्षाचा कामगिरी आढावा. पुढच्या वर्षाची महसुली गरज, म्हणजे दरांतून वसूल करायचा एकूण खर्च, आणि त्यावरून काढलेला दर. या तिन्हींत सर्वांत मोठी रक्कम वीज खरेदीची असते. गोव्याची स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. वीज मुख्यतः केंद्रीय प्रकल्पांतून येते, तीही पश्चिम आणि दक्षिण अशा दोन्ही विभागांतून. त्यामुळे मुंबईच्या आणि बेंगळुरूच्या विभागीय समित्यांचे मासिक ऊर्जा लेखे वेगवेगळे येतात, आणि बिलं त्या लेख्यांशी जुळवावी लागतात. पहिल्याच महिन्यात एक पूर्ण बिल घेऊन बसा: स्थिर आकार, इंधन आकार, पारेषण शुल्क, विचलनाचा (ठरल्यापेक्षा कमी-जास्त वीज घेतल्याचा) दंड, बिल उशिरा भरल्याचा अधिभार. शेवटचे दोन वेगळे काढायची सवय लावा. स्वतःच्या ढिलाईने भरावा लागलेला उशिराचा अधिभार ग्राहकाच्या माथी मारायला आयोग सहसा तयार होत नाही. तो वीज खरेदीच्या एकूण रकमेत लपवून दाखवला तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

आता वितरण गळती, म्हणजे आत आलेल्या विजेपैकी ज्याची बिलं गेली नाहीत तो भाग. हा एक आकडा नीट समजला तर अर्धी याचिका समजली.

समजण्यासाठी एक काल्पनिक वर्ष घेऊ. राज्याच्या सीमेवरच्या मीटरवर 5,000 दशलक्ष युनिट आले, ग्राहकांना 4,500 दशलक्ष युनिटची बिलं गेली. गळती 10 टक्के. त्याच वर्षाचा तक्ता वीज खरेदी शाखेने केला आणि येणारी वीज निर्मिती केंद्राच्या दारात मोजली, तर आंतरराज्य वाहिन्यांतली गळतीही त्यात मिसळते. तो आकडा 5,175 धरला तर गळती 13 टक्के दिसते. तिसरा तक्ता महसूल शाखेने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढला. काही उपविभागांची मार्चची बिलं तेव्हा चढायची होती, म्हणून विक्री 4,440 दिसली. गळती 11.2 टक्के. कुणी खोटं बोललेलं नाही. तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या दिवशी मोजलं.

याची किंमत किती? आयोगाने 10 टक्क्यांचं लक्ष्य दिलं आहे असं समजा. 4,440 दशलक्ष युनिट विकायला 10 टक्के गळतीने 4,933 दशलक्ष युनिट पुरतात. तुम्ही 5,000 घेतले. वरची सुमारे 67 दशलक्ष युनिट आयोग नाकारणार. सरासरी खरेदी दर युनिटला 5 रुपये धरला तर 33 कोटींच्या वर गेले. आणि हे सगळं एक तक्ता दोन-तीन आठवडे लवकर काढला म्हणून.

म्हणून प्रत्येक आकड्यामागे चार गोष्टी विचारा: कुठल्या मीटरचा, कुठल्या तारखेपर्यंतचा, कुठल्या शाखेच्या नोंदवहीतून, आणि कोणत्या गोष्टी त्यात धरल्या किंवा वगळल्या आहेत. वगळण्या-धरण्यात नेहमी घोळ करणाऱ्या तीन गोष्टी म्हणजे सरासरीवर काढलेली बिलं, कलम 126 खाली (अनधिकृत वापराबद्दल) आकारलेली युनिटं, आणि छतावरच्या सौर पॅनेलमधून नेट मीटरने ग्रिडमध्ये आलेली वीज. याच्या उत्तरांचा एक साधा तक्ता करा. डावीकडे याचिकेतल्या फॉर्मचा क्रमांक, मग आकडा, मग मूळ कागद, मग देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि सही. आम्ही याला मागोवा तक्ता म्हणतो. ज्या आकड्याचा मागोवा लागत नाही तो शपथपत्रात जाऊ देऊ नका, मग वरून कितीही दबाव येवो. शपथपत्र कार्यकारी अभियंता किंवा मुख्य अभियंता करतो, पण कागद तुमच्या टेबलावरून गेलेला असतो. आणि आयोगाला कलम 94 खाली दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तो साक्षीला बोलावू शकतो, मूळ दस्तऐवज मागवू शकतो.

यासाठीच कार्यालयात बसायचं म्हटलं. फोनवर मागितलेला आकडा फोनवरच मिळतो, त्याला कागद नसतो. अभियंत्यांशी बोलताना कलमं सांगू नका. कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीचा एखादा 33 केव्ही फीडर (वीज पुरवणारी वाहिनी) धरा, उपकेंद्रातल्या मीटरपासून ग्राहकाच्या बिलापर्यंत एका महिन्याचा हिशेब त्यांच्या शेजारी बसून लावा. एकदा हे केलं की ते तुम्हाला स्वतःहून सांगू लागतात की अमुक उपकेंद्राचा मीटर मे महिन्यात बंद होता आणि तो आकडा अंदाजाने भरला आहे. हे आयोगाच्या त्रुटीपत्रात (याचिकेतल्या उणिवा विचारणाऱ्या पत्रात) कळण्यापेक्षा ऑगस्टमध्ये कळलेलं बरं. तेव्हा ते खुलाशासह सरळ मांडता येतं.

भांडवली खर्चाबाबतही असंच. भुयारी केबल टाकली, पैसे दिले, म्हणून ती मालमत्ता दरात धरली जात नाही. ती वापरात कधी आली, याचा दाखला लागतो: काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकाची वाहिनी कार्यान्वित करायची परवानगी, मोजमाप पुस्तिका, आणि मालमत्ता नोंदवहीत झालेली नोंद. काम मार्चमध्ये झालं आणि परवानगी जूनची असेल, तर ते पुढच्या वर्षात जातं. शिवाय केंद्राच्या योजनेतून आलेलं अनुदान किंवा ग्राहकाने भरलेलं योगदान त्या मालमत्तेतून आधी वजा करावं लागतं. त्यावर घसारा आणि परतावा मागितला तर आयोग तो कापतोच, वर तुमच्या इतर मागण्यांकडेही संशयाने पाहू लागतो.

याचिका गेली की त्रुटीपत्र येतं. चाळीस-पन्नास प्रश्न, उत्तराला थोडे दिवस. त्याला त्रास समजू नका. आयोगाचे कर्मचारी कुठे कापणार, हे त्या प्रश्नांत आधीच लिहिलेलं असतं. ज्या रकमेवर तीन प्रश्न आले आहेत ती रक्कम धोक्यात आहे. तिथे उत्तराबरोबर मूळ कागद जोडा, आणि 'माहिती यथावकाश सादर करू' हे वाक्य शक्यतो टाळा. तसं लिहिलंत तर तारीख द्या आणि ती पाळा.

जाहीर सुनावणीत लोक तुमच्या तक्त्यांबद्दल क्वचित बोलतील. पावसात माड पडून दोन दिवस वीज नव्हती, मीटर बदलून चार महिने सरासरीचं बिल येतं, ट्रान्सफॉर्मरची तक्रार कोणी घेत नाही, हे बोलतील. रागावून बोलतील, आणि त्यांचा राग बहुतेक वेळा रास्त असतो. तिथे वकिलाने पुढे होऊन कायदेशीर हरकती घेऊ नयेत. उत्तर अभियंत्याने द्यावं, तुम्ही शेजारी बसून दोन गोष्टी लिहाव्या: कोणता आक्षेप वीजदराशी संबंधित आहे आणि त्याचं लेखी उत्तर द्यायचं आहे, आणि आपल्या अधिकाऱ्याने बोलण्याच्या ओघात कोणतं आश्वासन दिलं. 'मे महिन्यापर्यंत करू' म्हटलेलं काम आदेशात निर्देश म्हणून उतरतं. पुढच्या वर्षी आयोग त्याचा जाब विचारतो, आणि निर्देश मोडल्यास कलम 142 खाली प्रत्येक उल्लंघनाला एक लाखापर्यंत आणि चालू राहिल्यास रोज सहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाच्या रकमेपेक्षा मोठं नुकसान संस्थेच्या विश्वासार्हतेचं होतं. म्हणून जुन्या पाच आदेशांतले सगळे निर्देश काढून त्यांची एक वही करा. हे रुजू झाल्यावरचं पहिल्या आठवड्याचं काम आहे.

तिसरा प्रश्न, अडखळण्याचा. मुदती सगळ्यांना माहीत असतात आणि तरीही चुकतात, त्या सांगतो.

पहिली, इंधन आणि वीज खरेदी समायोजन अधिभाराची, म्हणजे मंजूर आणि प्रत्यक्ष खरेदी खर्चातला फरक बिलात लावण्याची. विद्युत नियम 2005 मध्ये डिसेंबर 2022 मध्ये घातलेला नियम 14 हळूच मोठा घात करतो. एप्रिलच्या खरेदीतला फरक जूनच्या बिलात लावायचा, मेचा जुलैत, असा क्रम आहे. ठरल्या वेळेत हिशेब करून तो लावला नाही तर वसुलीचा हक्क जातो, आणि तो ट्रू-अपमध्येही परत मिळत नाही. निवडणुकीच्या किंवा सणाच्या तोंडावर 'हा महिना राहू दे' असं कोणी म्हणालं, तर त्या एका महिन्याची रक्कम काढून लेखी समोर ठेवा. तोंडी इशारा पुरत नाही.

अपिलाची मुदत कलम 111 खाली 45 दिवस. आदेश हाती आला की लोक पुनर्विलोकन याचिका करतात, तिचा निकाल लागेपर्यंत थांबतात, आणि इकडे 45 दिवस संपतात. पुनर्विलोकनाचे आधार अगदी अरुंद आहेत: नवा पुरावा, वरवर दिसणारी चूक, तत्सम कारण. बेरजेची चूक असेल तर पुनर्विलोकन करा. तत्त्वाशी भांडण असेल तर सरळ अपील करा. न्यायाधिकरण पुरेसं कारण दिसलं तर उशीर माफ करू शकतं. पण पुढे सर्वोच्च न्यायालयात कलम 125 खाली 60 दिवस आणि त्यावर जास्तीत जास्त 60, त्यापुढे दार बंद. मुदत कायद्याचं कलम 5 तिथे लागू होत नाही, हे 2010 मध्ये ठरलेलं आहे. एक फरक डोक्यात पक्का ठेवा: आयोगाचा आदेश न्यायाधिकरणात नेता येतो, पण आयोगाने केलेल्या विनियमाची वैधता तिथे तपासता येत नाही. ती उच्च न्यायालयातच. पीटीसी इंडियाच्या 2010 च्या निकालाने हे स्पष्ट केलं. तुमचा पर्वरीचा अनुभव इथे कामी येईल.

ट्रू-अपमध्ये आयोगाने मूळ दर आदेशातलं तत्त्वच बदललं असेल तर ऑक्टोबर 2022 चा बीएसईएस राजधानीचा निकाल हाताशी ठेवा. ट्रू-अप म्हणजे नव्याने विचार करायची संधी नव्हे, असं त्यात म्हटलं आहे. मात्र ते दुधारी आहे. तुम्हालाही जुन्या वर्षी न मागितलेली गोष्ट ट्रू-अपच्या नावाखाली घुसवता येत नाही.

महसुली तूट पुढे ढकलायची सवयही आता महागात पडते. जानेवारी 2024 च्या दुरुस्तीने त्याच विद्युत नियमांत नियम 23 आला: मंजूर महसुली गरजेच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त तूट ठेवायची नाही, ठेवलेली तीन वर्षांत फेडायची, जुनी थकलेली सात वर्षांत. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे वेळापत्रक उचलून धरलं. लोकांना दरवाढ नको म्हणून सरकारला भार उचलायचा असेल तर तो मार्ग कलम 65 चा आहे, आणि त्यात अनुदान आगाऊ द्यायचं असतं. विधानसभेतली घोषणा म्हणजे अनुदान नव्हे. लेखी आदेश आणि खात्यात रक्कम येईपर्यंत आयोगाने ठरवलेला दरच बिलात लागतो.

गोव्याचंच एक प्रकरण मुळातून वाचा: एमआरएफ विरुद्ध मनोहर पर्रीकर, सर्वोच्च न्यायालय, 2010. उद्योगांना वीजबिलात 25 टक्के सूट देणारी 1991 ची योजना होती. तिच्या पाठोपाठ 1996 मध्ये मे आणि ऑगस्टमध्ये दोन अधिसूचना निघाल्या. त्या राजपत्रात छापल्या होत्या, उद्योगांनी त्यांच्या भरवशावर सूट मागितली. न्यायालयाने त्या रद्दबातल ठरवल्या, कारण तिजोरीवर भार पडणाऱ्या निर्णयासाठी कार्यनियमांप्रमाणे लागणारी अर्थ खात्याची संमती आणि मंत्रिमंडळाची मान्यता फाइलवर नव्हती. वीज क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाने हा निकाल वाचावा असं आम्हाला मनापासून वाटतं. सरकारी खातं असो की कंपनी, सवलतीचा किंवा तडजोडीचा कागद आयोगापुढे नेण्याआधी त्याच्या मागची मंजुरी सहीनिशी पाहा. टिपणीवरचं 'चर्चा झाली' म्हणजे मंजुरी नाही.

निर्मिती कंपन्यांबरोबरच्या वादांबद्दल थोडक्यात. ते कलम 86(1)(फ) खाली आयोगाकडे जातात, करारात लवादाचं कलम असलं तरी. 2008 च्या गुजरात ऊर्जा विरुद्ध एस्सार प्रकरणात हे ठरलं. पण 2016 च्या लॅन्को निकालानंतर मुदतबाह्य दावा आयोगापुढेही चालत नाही. वीज खरेदी करारांच्या नोटिसांच्या तारखा वेगळ्या कॅलेंडरवर टाका, कारण त्या खरेदी शाखेच्या फाइलमध्ये असतात आणि कायदा शाखेला वर्षभर कळत नाहीत.

करारावर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. महसूल, लेखा आणि तांत्रिक शाखेतून प्रत्येकी एक नेमून दिलेला अधिकारी. मीटर आणि बिलिंगच्या मूळ नोंदी थेट पाहायचा अधिकार. मागोवा न लागलेल्या आकड्यावर तुमची लेखी हरकत फाइलवर राहील ही तरतूद. आणि दिल्लीतल्या अपिलासाठी वकील नेमताना तुमची शिफारस विचारात घेतली जाईल ही हमी. पहिल्या तीन मिळाल्या तर काम घ्या. दुसरी नाकारली तर फी कितीही दिली तरी घेऊ नका.

आणि याचिकेचे तक्ते पाहून डोकं गरगरतं म्हणालात. मागच्या वर्षीचा आयोगाचा दर आदेश घ्या, याचिका नव्हे. आदेशात प्रत्येक बाबीला संस्थेने काय मागितलं, आयोगाने काय तपासलं आणि किती मंजूर केलं, हे क्रमाने असतं. वीज खरेदी आणि गळती ही दोनच प्रकरणं आधी वाचा, हातात कॅल्क्युलेटर घेऊन प्रत्येक बेरीज स्वतः करा. जिथे तुमची बेरीज जुळणार नाही, तो प्रश्न लिहून ठेवा आणि पहिल्या दिवशी लेखाधिकाऱ्याकडे घेऊन जा.